सहा भागांचं भांडण

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते आणि ते गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आमच्या घराच्या स्लॅबवर बसून लिहिते. स्लॅबवर अशासाठी, की खाली फोन लागतो पण नेट चालत नाही. लॉकडाऊनमध्ये मुंबई सोडून बाबांकडे आले ती परत गेलेच नाही. आई नव्हती, बाबा एकटे होते, आणि लिहायला काय, कुठूनही लिहिता येतं. आमचा तालुका गोरेगाव. हे कळल्यावर निर्मात्याच्या ऑफिसातल्या एकाने मला मीटिंगला घ्यायला सकाळी नऊला गाडी पाठवली होती. गाडीवाला त्यांच्या गोरेगावातून फोन करत होता आणि मी आमच्या गोरेगावच्या बाजारात वांगी घेत होते.

गेल्या वर्षी वाहिनीने एक परदेशी गोष्ट विकत घेतली. अशी गोष्ट घेतली की तिच्याबरोबर एक जाडजूड पोथी येते. धंद्यात तिला बायबल म्हणतात. पात्रांचे स्वभाव, घराचा नकाशा, कोणी कोणाकडे किती वेळ बघायचं, सगळं त्यात असतं. ही गोष्ट मूळची उत्तर युरोपातल्या एका बर्फाळ देशातली. दोन भाऊ, एक तळं, एक होडी. होडी कोणाची यावरून भाऊ बोलेनासे होतात. सहा भाग झाले की गोष्ट संपते. ते सहा भाग एका बाईने एकटीने चार वर्षं बसून लिहिले होते. चार वर्षं! तेवढ्यात आमच्याकडे नायिका दोनदा मरते, तिसऱ्यांदा वेगळ्या तोंडाची होऊन येते आणि पहिल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न लावते. मूळ गोष्टीच्या पहिल्या भागात मोजून तेरा वाक्यं होती आणि त्यातलं एक कुत्र्याला उद्देशून होतं. वाचून मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी एक ओळ लिहिली नाही.

मग ती गोष्ट तुर्कस्तानात गेली. तिथे एक भाग सव्वादोन तासांचा असतो आणि दर आठवड्याला एक काढावा लागतो. इतका वेळ भरायचा कशाने? तर भाऊ एकमेकांकडे बघतात. एकदा अशी नजरानजर सुरू असताना मी खाली जाऊन भाताचा कुकर लावून वर आले, तरी बघणं चालूच. कोरियात तिचे सोळा भाग झाले. तिथेही लेखिका एकटीच, आणि तिचा दरारा असा की नट तिचा स्वल्पविरामसुद्धा हलवत नाहीत म्हणे. चौदाव्या भागात सगळे रडले आणि सोळाव्यात सगळे जेवले. एवढं हिंडून-फिरून ती गोष्ट माझ्या स्लॅबवर आली. आता तिला आठवड्यातून सहा दिवस, रोज बावीस मिनिटं चालायचं होतं, आणि कधीपर्यंत ते कोणालाच माहीत नव्हतं.

वाहिनीच्या क्रिएटिव्हचा फोन आला. क्रिएटिव्ह म्हणजे वाहिनीने लेखकावर नेमलेलं माणूस. आमची ही सव्वीस वर्षांची, हुशार, आणि कधीच न झोपणारी मुलगी होती.

"मॅम, तुमच्याकडे खूप तळी आहेत ना? म्हणून तुम्हालाच दिलं."

त्यानंतर तिने पहिलं काम काय केलं असेल तर तळं काढून टाकलं. तळ्यावर शूटिंग परवडत नाही. मग होडी गेली. मग दोन्ही भाऊ गेले, कारण साडेसातच्या प्रेक्षकाला रोज दोन भाऊ बघायचे नसतात. भावांच्या जागी दोन जावा आल्या. आता उरला फक्त अबोला, आणि तो कशावरून ते मी शोधायचं होतं.

मला शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या घराच्या आणि काकांच्या घराच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या अलीकडचे बाबा आणि पलीकडचे काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. सख्खे भाऊ, बाबा थोरले. एका कोरड्या वर्षी, धान निसवायच्या वेळेला, बाबांच्या बांधीची पार, म्हणजे भातखाचराचा बांध, फुटली आणि चोरखमारा तलावाच्या कालव्याचं पाळीने मिळालेलं सगळं पाणी काकांच्या बांधीत गेलं. बाबा म्हणाले, यानेच फोडली. काका म्हणाले, खेकड्याने बीळ पाडलं. आमच्याकडे खेकडे असली कामं करतात हे खरं आहे, पण बाबांनी तो खेकडा मानला नाही. पंचांपुढे बैठक बसली आणि निकाल लागायच्या आत दोघे भाऊ उठून दोन वाटांनी घरी गेले. मी हे सगळं उचललं. फक्त भावांच्या जावा केल्या. आपल्या बापाचं दुःख विकताना लाज वाटली का? वाटली. पण मला सोमवारपर्यंत दहा भाग द्यायचे होते.

त्याच आठवड्यात क्रिएटिव्ह एका कार्यशाळेला जाऊन आली. अमेरिकेत म्हणे एक खोली असते, तिच्यात आठ-दहा लेखक महिनोन्‌महिने बसून भांडतात आणि त्यातून मालिका निघते. "मॅम, आपणही रायटर्स रूम करू या. तुम्ही तिकडे लोकल टॅलेंट घ्या."

लोकल टॅलेंट म्हणून मी पाण्याचे पाच पंच बोलावले. हसू नका. ज्यांच्या पूर्वजांनी गावचं तळं खणलं त्या घरांतले हे म्हातारे. पाण्याची पाळी तेच लावतात आणि पाण्यावरून होणारी भांडणं तेच सोडवतात. भांडणाचा त्यांच्याइतका अनुभव मुंबईत एकालाही नाही. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, पाळी लावायची गरज नव्हती, आणि पाचही जण रिकामे होते. बाबा शेतावर गेलेले बघून मी त्यांना ओसरीत सतरंजीवर बसवलं आणि गोष्ट सांगितली.

"पार कोणं फोडली?" सर्वांत थोरल्या पंचाने विचारलं.

"ते कोणालाच माहीत नाही. त्यातच तर गंमत आहे."

"यात गंमत कायची, बाई? एका बाईचं धान वाळून राहिलं."

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. फुटल्या जागी ढेकळं होती का गाळ होता? धाकटी त्या सकाळी कुठे होती? खेकड्याचं बीळ कोणी डोळ्यांनी पाहिलं? मी लेखिका, मला जे सुचेल ते मी सांगत गेले, आणि ते प्रत्येक उत्तर तोलून मानेने एकमेकांना पाठवत गेले. भांडण कुणाचं आहे हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं, एवढं माझ्या लक्षात आलं. जे खऱ्यात जमलं नाही ते निदान इथे जमवायचंच, असा जोर त्यांच्या अंगात आला होता. दीड तासाने थोरल्याने घसा साफ केला.

"दोघीइचीबी अर्धी अर्धी चूक. मोठीनं धाकटीच्या दारात जायचं, मोठी आहे म्हणून. धाकटीनं 'बस' म्हणायचं. झालं. आण चहा."

आणि मी चहा आणला. तीच माझी चूक. आमच्या गावात बैठकीचा नियम असा आहे, की भांडण मिटेपर्यंत चहा मिळत नाही, आणि एकदा चहा पिऊन झाला की ते भांडण पुन्हा कोणी उकरायचं नाही. सरपंचाने नाही, तहसीलदाराने नाही, कोणीच नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मुंबईची सवय, पाहुणे आले की चहा ठेवायचा, आणि तो उकळलेलाच होता. पाच कप रिकामे झाले आणि माझी मालिका संपली.

निकाल लागला तसा लिहून मी भाग पाठवले. क्रिएटिव्हने फाइल वाचून लगेच फोन केला. "मॅम, नवव्या भागात मिटलं? मग दहाव्यात काय आहे?"

"चहा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या पंचाच्या घरी गेले. निकाल जरा मागे घ्या म्हणून हातापाया पडले.

"ते नाई होत. चहा झाला."

"अहो आजोबा, खोट्या बाया आहेत त्या! टीव्हीतल्या."

"बाया खोट्या असन. चहा तं खरा होता ना?"

मी उठले तशी त्यांना दया आली. म्हणाले, "झगडाच पाह्यजे असन तं बकरीचा एक आहे आपल्याकडं. ताजा आहे. तो घेऊन जाय."

बकरीचा झगडा साडेसातला चालला नसता. मग मी पंचांना विचारल्याशिवाय एकटीने लिहायला लागले आणि भांडण पुन्हा उकरलं. आमच्याकडे काम असं चालतं: सकाळी अकराला मुंबईहून प्रसंगाची एक ओळ येते, तीनपर्यंत संवाद गेले पाहिजेत, पाचला नट्या ते पाठ न करताच बोलायला लागतात. क्रिएटिव्हने खेकडा काढला, कारण खेकड्याला चेहरा नसतो आणि तो वाईट हसत नाही. त्याच्या जागी एक नणंद आली. ती रोज भागाच्या शेवटी खिडकीत उभी राहून वाईट हसायची. दिवाळीनंतर मालिका लागली आणि चालली.

गाव मात्र माझ्यावर नाराज झालं. मालिका आवडत नव्हती म्हणून नाही, सगळे नेमाने बघत होते. त्यांचं म्हणणं, चहा झाल्यावर जावा परत भांडतातच कशा? आठवडी बाजारात पंच माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. एकाने शेवटी विचारलंच, "काऊन बाई, आमचा निकाल मुंबईत चालत नाई का?" आणि एके दिवशी कोतवाल निरोप घेऊन आला: दोन्ही जावांनी रविवारी बैठकीला हजर राहावं. त्या येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यातर्फे मी हजर राहावं असं ठरलं. गेले. दोन बायकांच्या वतीने एकटीने सतरंजीवर मान खाली घालून बसले, आणि "बायाइले समजावून सांगते" असं कबूल करून उठले. चहा अर्थातच मिळाला नाही.

पण मला खरी धास्ती वाटायची ती साडेसातला. बाबा आमच्या खोलीत टीव्ही लावायचे आणि काका त्यांच्या. आमच्याकडे डिश, त्यांच्याकडे केबल, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य आधी भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मग अलीकडे. थोरली जाऊ दोनदा रडायची. एकदा, जेवताना, बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ते मोठी बाई बोलन तं मंग पाहू."

"काय पाहू, बाबा?"

"काई नाई. भाजी वाढ."

हे मी काकांच्या मुलीला सांगितलं. सांगायला नको होतं. माझी ही धाकटी चुलत बहीण, तिचं लग्न एप्रिलमध्ये गोंदियाजवळच्या फुलचूरच्या हॉलमध्ये ठरलं होतं. ती त्याच संध्याकाळी स्लॅबवर चढून आली. तिने सांगितलं की तिकडे काकाही तेच म्हणतात, फक्त धाकटीबद्दल. एकजण म्हणतो मोठी बोलली तर बघू, दुसरा म्हणतो धाकटीने बस म्हटलं तर बघू.

"ताई, मोठेबाबा मांडवात नाई आले तं मी हळद लावून नाई घेत," ती म्हणाली. "तू त्या दोघीइले लग्नाच्या आंधी बोलव."

ती रडत होती. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. माझ्या सख्ख्या बापाने आपल्या सख्ख्या भावाशी बोलायचं की नाही, हे आता मुंबईतल्या एका वातानुकूलित खोलीत ठरणार होतं, आणि तिथे मला कोणी विचारत नव्हतं.

मी क्रिएटिव्हच्या मागे लागले. तीन आठवडे तिला रोज छळलं. जावा बोलू दे, एकदाच बोलू दे, पाहिजे तर पुन्हा भांडव. आणि मार्चच्या सुरुवातीला ती एकदम हो म्हणाली. एवढ्या सहज हो म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तो प्रसंग लिहिला. थोरली धाकटीच्या दारात जाते. धाकटी म्हणते, बस. मधे नणंद नाही, वाद्यं नाहीत, चार वाक्यं फक्त. आयुष्यात मी लिहिलेला तेवढा एकच प्रसंग मला स्वतःला आवडला.

ज्या दिवशी तो दाखवणार होते त्या दिवशी चार वाजता फोन आला. "मॅम, काय सीन झालाय! सगळे रडलो आम्ही. फक्त ब्रेकनंतर ते थोरलीचं स्वप्न आहे. ती दचकून उठते आणि नणंद हसते."

मी स्लॅबवर उभी राहून इतकी ओरडले की खालून जाणारा सायकलवाला थांबला. काही उपयोग झाला नाही. भाग तयार होऊन गेला होता. खाली आले तर बाबा दाढी करत होते. आदल्या दिवशी शेवटी दाखवलेल्या झलकीत थोरली धाकटीच्या दारापर्यंत गेली होती, ती सगळ्या गावाने पाहिली होती. बाबांना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि सांगवलं नाही. त्यांनी गाल इतका काळजीपूर्वक ताणून धरला होता.

साडेसातला मालिका लागली. थोरली दारात गेली. भिंतीपलीकडून आणि मग अलीकडून धाकटी म्हणाली, "बस." जाहिराती सुरू झाल्या. बाबा उठले, बनियनवर पांढरा सदरा चढवला, आणि "येतो" म्हणून बाहेर पडले. मोठीनं जायचं, मोठी आहे म्हणून.

आमचा ब्रेक साधारण चार मिनिटांचा असतो. चार मिनिटांनी बाबा भावाच्या घरात उभे असणार, आणि समोरच्या टीव्हीवर थोरली दचकून उठणार. मी बहिणीला फोन लावला.

"मेन स्विच पाड."

"काऊन?"

"पाड म्हणते ना!"

तिने पाडला. काकांचं घर अंधारलं. मी अंगणात उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"कोन आहे?" काकांचा आवाज.

"मी."

यानंतर जी शांतता झाली तिला तुर्कस्तानातसुद्धा कोणी कात्री लावली नसती. मग काका म्हणाले, "बस." आणि लगेच, घाईघाईने, "लाइन गेली बे."

"आमच्याकडं आहे," बाबा म्हणाले.

"मंग पुढचं काय झालं त्याइचं?"

"चाल, पाहू."

काकांच्या टीव्हीचा बंदोबस्त करताना आमच्या टीव्हीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी आत धावले, पण रिमोट सापडेपर्यंत दोघे दारात होते. काका अकरा वर्षांनी त्या उंबऱ्यात आले आणि चपला कुठे काढायच्या ते त्यांना विचारावं लागलं नाही. दोघे एका खाटेवर बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. जाहिराती संपल्या. थोरली दचकून उठली. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि खिडकीत नणंद हसली.

काकांनी हात गुडघ्यांवर टेकले, आता उठणारच होते. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठून गेला की पुन्हा येणार नाही, आणि हे माझ्या पोटापाण्याच्या धंद्याने केलं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

बाबा माझ्याकडे वळले. असं चिडलेलं मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कायले इतकं ताणून राहिली तू, पोरी? हां? अकरा वर्सं झाले त्या बायाइले बोलल्याविना. उद्या त्यातली एखादी मरून गेली तं?"

काका उठता उठता पुन्हा खाली बसले.

"हो ना," ते म्हणाले. "अकरा वर्सं काय कमी होते का, भाऊ?"

मालिकेतल्या जावांचा अबोला तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. मी दुरुस्त केलं नाही.